पेवाची जागा

खंबाटकीच्या तिसऱ्या वळणावर डिंक ओकला,
वहिनीच्या नव्या ओढणीवर, सगळा नाश्ता.
शिंपलीनं मान वर करून नुसतं हुंगलं
आणि परत झोपली. तेरा वर्षांची आहे,
मोतीबिंदूनं दोन्ही डोळे दुधाळ,
तिला आता कशाचं म्हणून कौतुक नाही.

शनिवार. दादा चालवतोय. मी पुढं, फोनवरचा नकाशा बंद करून:
आपल्याच गावाचा काय रस्ता विचारायचा?
मग पेठ नाक्यावर विचारला. आष्ट्यातही.

सांगलीवाडीपाशी ऊस संपला, नदी दिसली.
दादानं काच खाली घेतली, ऋतुजला म्हणाला, "वास घे."
पोरानं घेतला. "कसला?"
दादाला सांगता येईना.
आयर्विनच्या खांबावरचे पुराचे आकडे
मी घाटावर उतरून मोठ्यानं वाचले,
दुसऱ्याच्या घरात भिंतीवरच्या
पोरांच्या उंचीच्या रेघा वाचाव्यात तसे.

हरिपूरच्या वाटेवर चिंचा कमी झाल्यात.
मोजल्या नाहीत, पण ऊन जास्त लागलं.
शाळा पिस्ता रंगाची झालीय.
ज्या हापशीच्या दांड्यानं माझा दात पाडला
तिला आता दांडाच नाही.
डिंकनं तिच्यावर तंगडी वर केली. फिटांफीट.

मग पेवं.
तात्या पेवकरी. दुसऱ्यांची हळद जमिनीच्या पोटात ठेवायचे,
दुसऱ्यांचीच वर काढायचे.
तोंड उघडलं की आधी बाजूला बसून विड्या,
आत कोंडलेली हवा निघून जाईस्तोवर.
मग दोरीला कंदील. हात हात सोडत, सावकाश.
ज्योत राहिली तर माणूस उतरणार. विझली तर नाही.
संध्याकाळी आमच्या मोरीतून पिवळं पाणी वाहायचं
आणि शेजारची हौसा विचारायची,
तुमच्यात रोज लगीन असतंय का गं?

आता तिथं प्लॉट पाडलेत. फक्कीच्या रेघा, नंबरांचे दगड.
दादा म्हणतो, पेव लिंबाच्या बुंध्याशी होतं.
मी म्हणते, बांधाकडं, सात पावलं.
लिंब नाही. बांधही नाही.
वहिनी म्हणाली, उन्हात भांडू नका, भडंग खा.

तेवढ्यात शिंपली एका जागी बसली.
ओढली तरी उठेना.
मातीला नाक लावून एकदाच शिंकली.
हळद कुठली असायला, घूस असेल,
पण दादा तिच्याशेजारी उकिडवा बसला
आणि जमिनीवर तळहात टेकला,
ताप बघतात तसा.

"तुला एक सांगायचंय." बाकीची लांब होती.
"त्या दिवशी तुला दोरीनं आत सोडलं होतं ना,
कंदील जळतोय म्हणून?"
"हं."
"विझला होता. मला दिसलं होतं."

मी आठ वर्षांची. अर्ध्यावर गेले असेन,
कान भरून आले आणि दोरी एकदम वर.
इतकी जोरात की काखेत वळ उठले,
आणि वर येताच त्यानं मला थोबाडीत मारली.
बेचाळीस वर्षं मला वाटत आलं
की माझंच काहीतरी चुकलं होतं.

काय बोलायला हवं होतं मी?
म्हणाले, "शिंपलीला पाणी दे आधी. जीभ बघ तिची."
त्यानं डब्याच्या झाकणात ओतलं.
हात हलत होता, अर्धं मातीत गेलं.
माती पीत राहिली,
खाली अजून जागा असल्यासारखी.

संगमावर वीस मिनिटं.
डिंक वारणेत शिरला आणि कृष्णेतून बाहेर आला
असं ऋतुज सांगतो. मी तेव्हा चप्पल शोधत होते.

परतताना पेठ नाक्यावर दादानं डावीकडं वळण घेतलं,
कोल्हापूरकडं. पाटी एवढी मोठी होती.
मागं सगळे झोपलेले, ओल्या कुत्र्याचा वास,
शिंपलीचं डोकं माझ्या मांडीवर.
चार किलोमीटर मी गप्प बसले.
मग म्हणाले, "दादा, चुकलास."
"माहितेय," म्हणाला,
आणि पुढच्या पुलाखालून गाडी वळवली.